माधव श्रीहरी अणे

माधव श्रीहरी अणे उर्फ लोकनायक बापूजी अणे (२९ ऑगस्ट १८८० – २६ जानेवारी १९६८) हे यवतमाळ येथील वकील, लोकमान्य टिळकांचे अनुयायी, वऱ्हाडातील काँग्रेसचे नेते, मध्यवर्ती विधिमंडळातील वऱ्हाडचे प्रतिनिधी आणि संस्कृत ग्रंथकार होते. १९३३ मध्ये त्यांनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, श्रीलंकेतील (तेव्हाचे सिलोन) भारत सरकारचे प्रतिनिधी, बिहारचे राज्यपाल आणि नागपूरचे खासदार झाले. राजकीय नेते म्हणून त्यांची ओळख मोठी असली तरी त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया यवतमाळच्या दिवाणी न्यायालयात घातला गेला. ते ज्या प्रदेशात वकिली करीत होते तेथे करार, कर्ज आणि व्यापार यांचे कायदे कोणत्याही निर्वाचित सभेच्या संमतीने लागू झालेले नव्हते. ही वस्तुस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या राजकारणाचा उलगडा नीट होत नाही.

जन्म व शिक्षण

अणे यांचा जन्म वणी येथे झाला. हे कुटुंब मूळचे तेलुगू भाषक प्रदेशातून येऊन वऱ्हाडात स्थायिक झालेले होते. घरात वेदविद्येची व संस्कृत अध्ययनाची परंपरा होती आणि तिचा ठसा अणे यांच्या लेखनावर अखेरपर्यंत राहिला. वणी हे त्या काळी केवळ एक गाव नव्हते. ज्याला आज यवतमाळ जिल्हा म्हणतात तो १९०५ पर्यंत वणी (इंग्रजी दप्तरात वून) या नावानेच ओळखला जाई, मात्र जिल्ह्याचे मुख्यालय यवतमाळ येथे होते. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला, त्यातील पुसदचा भाग इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून अणे १९०२ मध्ये पदवीधर झाले. १९०४ ते १९०७ या काळात त्यांनी अमरावतीच्या काशीबाई खाजगी विद्यालयात शिक्षक म्हणून काम केले. याच सुमारास कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवून १९०८ मध्ये त्यांनी यवतमाळ येथे वकिली सुरू केली.

यवतमाळची वकिली आणि वऱ्हाडचे कायदे

वकिलीच्या आरंभाचे वर्ष भारतीय दिवाणी कायद्याच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मध्येच संमत झाली आणि १ जानेवारी १९०९ पासून अमलात आली. दाव्यांच्या मुदतीचा नवा कायदाही त्याच वर्षीचा. दावा कोठे दाखल करावा, समन्स कसे बजावावे, निकालानंतर जप्तीची दरखास्त कशी चालवावी, हे सर्व ठरवणारी ही संहिता पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ देशातील दिवाणी न्यायालयांचा आधार राहिली. अणे यांच्या पिढीचे वकील या संहितेबरोबरच घडले.

पण हा कायदा यवतमाळला पोहोचण्याचा मार्ग पुणे किंवा नागपूरपेक्षा वेगळा होता. वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला, तरी त्याचे सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाकडेच राहिले. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने देण्यात आला आणि पुढच्या वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला. सार्वभौमत्वाची स्थिती मात्र तशीच राहिली. परिणामी कलकत्ता किंवा दिल्ली येथे संमत झालेला कायदा वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलला परकीय प्रदेशातील अधिकारक्षेत्राविषयी जे अधिकार होते, त्यांचा वापर करून अधिसूचना काढावी लागे, आणि ती निघाल्यावरच करार कायदा, दिवाणी संहिता, नादारीचा कायदा हे यवतमाळच्या न्यायालयात चालत. नागपूरच्या विधिपरिषदेने केलेल्या कायद्यांचीही हीच गत होती. काही कायदे तर विधिमंडळाचा स्पर्शही न होता हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशाने तयार झाले होते. १८८६ चा वनविषयक कायदा, १८९६ ची जमीनमहसूल संहिता आणि १८९७ चा कापूस व धान्य बाजार कायदा ही त्याची उदाहरणे होत.

यांपैकी शेवटचा कायदा या जिल्ह्याच्या अर्थजीवनाशी निकटचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील व्यापार म्हणजे मुख्यतः कापसाचा व्यापार. १९०३ मध्ये मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद मापी लोहमार्ग सुरू झाला तो येथील कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यासाठीच. पुढे ही गाडी शकुंतला या नावाने प्रसिद्ध झाली. शेतकरी गाडीभर कापूस घेऊन बाजारात येई. आडत्या आणि दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत आणि त्या बोटांची भाषा ज्याचा माल त्यालाच कळत नसे. मग तोलाई, हमाली, आडत, धर्मादाय अशी कपात होऊन जे हाती येई त्यावर वाद होत. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला होता. १८९७ च्या कायद्याने अशा बाजारांना सर्वसाधारण चौकट दिली. ठरवून दिलेल्या बाजाराबाहेर खरेदीविक्रीस मनाई, दलाल व तोलाऱ्यांना परवाना आणि देखरेखीसाठी बाजार समिती, अशी तिची रचना होती. कृषिमालाच्या बाजाराचे नियमन करणारा हा भारतातील पहिला कायदा मानला जातो आणि पुढे मुंबई इलाख्याने १९२७ मध्ये कापूस बाजाराचा कायदा केला तेव्हा वऱ्हाडचा नमुना समोर होता. त्यात एक मोठी उणीव मात्र होती. समितीत व्यापाऱ्यांचे प्राबल्य असे आणि कापूस पिकवणाऱ्याला प्रतिनिधित्वाची तरतूद नव्हती. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या पद्धतीची दखल घेताना हा दोषही नोंदवला.

कायदा प्रांतागणिक कसा बदलतो, हे वायद्याच्या सौद्यांवरून चांगले दिसते. प्रत्यक्ष माल देण्याघेण्याचा हेतू नसलेला आणि केवळ भावातील फरकावर लावलेला सौदा हा पैज ठरून करार कायद्याच्या कलम ३० नुसार निरर्थक होतो. तेवढे सर्वत्र समान होते. पण अशा सौद्यात आडत्याने आपल्या गिऱ्हाइकासाठी पदरचे पैसे भरले, तर ते त्याला वसूल करता येतात का? मुंबई इलाख्यात १८६५ च्या एका प्रांतिक कायद्याने अशा आनुषंगिक करारांवरचा दावाही बंद केला होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते, त्यामुळे तो प्रतिबंध येथे लागू नव्हता. मुंबईच्या बाजारात तारेने सौदे करणाऱ्या वऱ्हाडी व्यापाऱ्याच्या दृष्टीने दावा मुंबईत लागतो की यवतमाळात, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक राहत नसे. त्यावर पैसा मिळणे किंवा बुडणे अवलंबून असे.

न्यायालयातील इतर दिवाणी कामांत गहाणखते, मुदत खरेदीची खते, वचनचिठ्ठ्या आणि त्यांवरील जप्त्या यांचा भरणा असे. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क असल्यामुळे कर्जाचा दावा बहुधा जमिनीवरच येऊन थांबे. अपील नागपूरच्या न्यायिक आयुक्तांकडे आणि त्यानंतर थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई. नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले ते १९३६ मध्ये, म्हणजे अणे वकील झाल्यानंतर २८ वर्षांनी.

टिळकपक्षीय राजकारण

यवतमाळला येण्यापूर्वीच अणे यांच्यावर लोकमान्य टिळकांचा प्रभाव पडला होता आणि तो आयुष्यभर टिकला. १९१६ मध्ये त्यांनी यवतमाळ जिल्हा असोसिएशनची स्थापना केली. होमरूल लीगच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता आणि ते तिचे उपाध्यक्ष होते. १९२१ ते १९३० या काळात ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्ष होते.

टिळकांच्या निधनानंतर महात्मा गांधींचे नेतृत्व पुढे आले. असहकाराच्या कार्यक्रमात न्यायालयांवर बहिष्कार हे एक प्रमुख कलम होते. वकिलांनी वकिली सोडावी आणि लोकांनी आपले तंटे लवादापुढे मिटवावेत, अशी अपेक्षा होती. वऱ्हाड-महाराष्ट्रातील टिळकपक्षीयांना कायदेमंडळे व न्यायालये पूर्णपणे सोडून देण्याचा मार्ग फारसा पटला नव्हता आणि अणे याच परंपरेतले होते. स्वराज्य पक्ष व त्यानंतर प्रतियोगी सहकारिता या धोरणांना त्यांनी दिलेला पाठिंबा त्यातूनच आला. तरीही त्यांना गांधीविरोधक म्हणणे योग्य होणार नाही. मतभेद उघड मांडायचे आणि लढा सुरू झाला की त्यात उतरायचे, अशी त्यांची रीत होती.

१९३० मध्ये त्याचा प्रत्यय आला. वऱ्हाडला समुद्र नाही, त्यामुळे मीठ उचलण्याचा सत्याग्रह येथे अवघड होता. या भागातील लोकांना सरकारशी येणारा रोजचा संबंध जंगलाचा होता. गवत, सरपण आणि गुरांची चराई यांवर राखीव जंगलाचे नियम होते. १० जुलै १९३० रोजी पुसद तालुक्यात अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. विधिमंडळातील जागा त्यांनी तत्पूर्वीच सोडली होती. जंगल सत्याग्रहाचे हे लोण नंतर वऱ्हाड व मध्य प्रांताच्या अनेक भागांत पसरले.

त्याआधी १९२८ मध्ये भारताच्या भावी राज्यघटनेचा आराखडा तयार करणाऱ्या मोतीलाल नेहरू समितीचे ते सदस्य होते. १९२४-२५ आणि पुन्हा १९३१ ते १९३४ या काळात त्यांनी काँग्रेस कार्यकारिणीत काम केले. १९३३ मध्ये बहुतेक नेते तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जुलै १९३३ मध्ये पुण्यात काँग्रेसजनांची परिषद भरली आणि तीनंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रहाचा मार्ग स्वीकारल्याची घोषणा करण्याचे अप्रिय काम अणे यांना करावे लागले. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसची तटस्थता मान्य न झाल्याने त्यांनी पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष स्थापन केला.

मध्यवर्ती विधिमंडळात

अणे १९२४ ते १९३० या काळात आणि पुन्हा १९३५ पासून १९४१ पर्यंत मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. येथेही वऱ्हाडची कायदेशीर स्थिती आडवी आली. हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात नसल्यामुळे तेथील मतदारांनी निवडलेला माणूस थेट सभासद होऊ शकत नसे. निवडणूक होई आणि मग निवडून आलेल्या व्यक्तीची सरकार नेमणूक करी. काँग्रेसच्या वतीने सरकारशी झुंजणारा नेता विधिमंडळाच्या यादीत नामनियुक्त म्हणून दाखवला जाई, ही विसंगती त्या काळच्या वऱ्हाडचे चित्र पुरेसे स्पष्ट करते. १९२३ मध्ये निजामाने वऱ्हाड परत मागितले. लॉर्ड रीडिंग यांच्या सरकारने १९२६ मध्ये ती मागणी निर्णायकपणे फेटाळेपर्यंत येथील लोकांना आपण उद्या कोणत्या राज्यात असू याची खात्री नव्हती.

दुसऱ्या कालखंडात अणे काँग्रेस नॅशनलिस्ट पक्षाचे नेते होते. याच वर्षांत भारतातील व्यापारविषयक कायद्यांची मोठी उभारणी त्या सभागृहात झाली. १९३६ मध्ये कंपनी कायद्यात व्यापक दुरुस्त्या होऊन व्यवस्थापकीय अभिकर्त्यांच्या अधिकारांवर काही बंधने आली. १९३८ मध्ये विमा कायदा संमत झाला. १९४० च्या लवाद कायद्याने व्यापारी तंटे न्यायालयाबाहेर सोडवण्याची पद्धत संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकत्र बांधली. हा कायदा पुढे १९९६ पर्यंत चालू राहिला. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा एकच प्रांत म्हणून कारभार चालवण्याची व्यवस्था केली होती, तरी केंद्रीय कायद्यांच्या बाबतीत जुन्या अधिसूचनांचे जाळे उरलेलेच होते. १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाने ते दूर झाले आणि केंद्रीय अधिनियम वऱ्हाडला सरळ लागू करण्यात आले. यवतमाळच्या वकिलाला कायद्याच्या पुस्तकासोबत अधिसूचनांची फाईल बाळगण्याची गरज आता राहिली नाही. त्या वर्षीही अणे वऱ्हाडचे प्रतिनिधी होते.

कर्जाच्या प्रश्नावरील कायदे मात्र दिल्लीत नव्हे, नागपुरात झाले आणि त्या विधिपरिषदेत अणे नव्हते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. ज्या भावावर कर्ज काढले त्याच्या अंशानेही फेड होईना. मध्य प्रांत सरकारने १९३३ मध्ये कर्ज-तडजोड कायदा केला. त्यानुसार ऋणको किंवा धनको यांपैकी कोणीही मंडळाकडे अर्ज करू शकत असे. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या सावकाराने नंतर दावा लावला तर त्याला खर्च व चढे व्याज मिळू नये अशी त्यात योजना होती. सक्ती नसल्याने तिचा उपयोग सावकाराच्या मनावर अवलंबून राहिला. १९३४ च्या सावकारी कायद्याने हिशेब ठेवणे बंधनकारक केले आणि १९३९ च्या कर्जनिवारण कायद्याने कर्जाची रक्कम कमी करण्याचा अधिकार विशेष न्यायालयांना दिला. कापूस बाजाराचा जुना १८९७ चा कायदाही १९३२ च्या नव्या कायद्याने मागे पडला.

कार्यकारी मंडळ, सिलोन आणि बिहार

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला तेव्हा अणे यांनी परदेशस्थ भारतीयांचे खाते स्वीकारले. काँग्रेसमधील अनेकांना हे रुचले नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण सुरू केल्यावर त्यांची सुटका करण्यास सरकारने नकार दिला. त्या वेळी अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. हे पद स्वीकारल्याबद्दल अणे यांच्यावर जी टीका झाली, तिच्या तुलनेत हा राजीनामा फार कमी आठवला जातो.

त्याच वर्षी त्यांची सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. तेथील चहा-रबराच्या मळ्यांवरील तमिळ मजूर आणि भारतीय व्यापारी यांचे नागरिकत्व व मताधिकार हा त्या वेळी दोन्ही देशांमधील कळीचा प्रश्न होता. १९४७ पर्यंत ते तेथे होते. त्यानंतर ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि १२ जानेवारी १९४८ ते १४ जून १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल होते.

विदर्भाचा प्रश्न

राज्यपालपदावरून परतल्यावर अणे पुन्हा आपल्या प्रदेशाच्या प्रश्नाकडे वळले. राज्य पुनर्रचना आयोगापुढे त्यांनी व ब्रिजलाल बियाणी यांनी स्वतंत्र विदर्भाची मागणी मांडली. आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली, परंतु ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. नागपूर उच्च न्यायालय संपुष्टात येऊन त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. त्यानंतरही जुन्या मध्य प्रांताचे अनेक कायदे विदर्भात आणि मुंबई इलाख्याचे कायदे पश्चिम महाराष्ट्रात काही काळ शेजारी शेजारी चालत राहिले. कापूस बाजाराच्या बाबतीत हे द्वैत महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने संपवले. विदर्भवादी आणि संयुक्त महाराष्ट्रवादी यांच्यात जो वाद झाला त्यात भाषा, पाटबंधारे, नोकऱ्या हे मुद्दे गाजले. आपल्यावर कोणता कायदा चालावा आणि तो कोणी ठरवावा, हा अणे यांच्या पिढीला सतावणारा प्रश्न त्यामानाने कमी चर्चिला गेला.

१९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अणे नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले. दुसऱ्या वेळी नाग-विदर्भ आंदोलन समितीचा त्यांना पाठिंबा होता. त्या वेळी त्यांचे वय ८१ वर्षांचे होते.

लेखन व स्मृती

अणे यांच्या मराठी लेखांचा व भाषणांचा संग्रह अक्षरमाधव या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांची सर्वांत मोठी साहित्यकृती म्हणजे लोकमान्य टिळकांचे संस्कृत पद्यचरित्र श्रीतिलकयशोऽर्णवः. तीन खंडांतील या महाकाव्यावर त्यांनी उतारवयात दीर्घकाळ काम केले. त्याचे प्रकाशन त्यांच्या निधनानंतर झाले आणि १९७३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा संस्कृत भाषेसाठीचा पुरस्कार मिळाला.

२६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला. यवतमाळ येथील लोकनायक बापूजी अणे महिला महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. त्यांचे नातू श्रीहरी अणे हेही वकील असून ते महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. स्वतंत्र विदर्भाविषयीच्या आपल्या भूमिकेवरून वाद निर्माण झाल्यानंतर त्यांनी मार्च २०१६ मध्ये त्या पदाचा राजीनामा दिला.